लेकीची बोट आणि आम्ही लपवलेले चार महिने

माझी बायको मार्गशीर्षात गेली. तिला काय झालंय हे मला श्रावणापासून माहीत होतं. आमच्या लेकीला ते शेवटच्या तीन दिवसांत कळलं, कारण मी तिला आधी सांगितलं नाही. एवढं सुरुवातीलाच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना कोणी मला भला माणूस समजेल.

लेक एकुलती. पुण्यात जहाजांचे आराखडे करणारी एक कचेरी आहे, तिथे नोकरीला आहे. पुण्यात समुद्र नाही, हे मी तिला नोकरी लागली त्याच दिवशी म्हटलं होतं. ती म्हणाली, "नाना, आपल्या जळगावात तरी पाणी कुठं आहे? तरी तुम्ही जन्मभर पाण्याच्या टाक्याच केल्या ना?" मी चौथी शिकलेला माणूस. औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये टँकरच्या टाक्या जोडत हयात गेली. पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग मारायचं. डोळे अधू झाले तेव्हा काम सोडलं.

श्रावणात बायकोच्या पोटात दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग सोडा झाला, मग मी तिला डॉक्टरकडे नेलं. पण जळगावात नाही. आम्ही राहतो मेहरूणला, आणि आमची गल्ली अशी की दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या आत कोणीतरी पुण्याला फोन लावला असता. म्हणून एस.टी. धरून धुळ्याला गेलो. देवपूरला बायकोची मोठी बहीण राहते, तिला आम्ही दोघंही अक्का म्हणतो. गल्लीत सांगितलं, बहिणीकडे चाललोय. खोटं नव्हतं. फक्त बहिणीकडे पिशव्या ठेवायच्या आणि तिथून रिक्षानं दवाखान्यात जायचं.

डॉक्टर भला होता, त्यानं पहिल्याच खेपेला मला बाजूला घेऊन सांगितलं की गाठ जिथे आहे तिथे चाकू चालत नाही, औषधानं दुखणं कमी करू, दिवस किती ते सांगता येत नाही. मी बाहेर आलो. बायको बाकावर बसली होती. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "माले समजनं. पोरले काही सांगू नका."

मी म्हटलं, "आज नाही तर उद्या कळेलच तिला."

"तिनं काम आतेच सुरू व्हयेल शे. ऐकीसन बठ्ठं सोडी देई ती. मंग मी नही राहिनू का तिले काय राही?"

म्हणजे लेकीचं काम आत्ताच सुरू झालंय, ऐकलं की सगळं सोडून येईल, आणि मी गेल्यावर पोरीच्या हातात काय उरेल, असं तिचं म्हणणं. आमच्याकडे हे नवीन नाही. लेक सासरी असली की माहेरचं दुखणं तिला सांगत नाहीत, तिकडे जीवाला घोर नको म्हणून. माझ्या आईच्या वेळी माझ्या बहिणीलाही असंच सांगितलं नव्हतं. आमच्या लेकीचं लग्न झालेलं नाही. बायकोनं तिच्या नोकरीलाच सासर धरलं. आणि मी मान हलवली. फोन माझ्या खिशात होता, बायकोच्या नाही. तिला तर नंबर लावता येत नव्हता. म्हणून दोष कोणाचा, हे मोजायला मला कोणी पंच लागत नाही.

मग चार महिने आम्ही नाटक केलं. लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा बायको अक्काच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली असायची, तोंडाला पावडर लावून.

"आई, परत मावशीकडे?"

"पापड करी राहिनूत," बायको म्हणाली.

"पावसाळ्यात पापड?"

अक्का मागून ओरडली, "तुनी माय येडी शे, तिले ऊन लागत नही." लेक हसली. आम्ही तिघं पण हसलो. हसताना बायकोनं पोट धरलं होतं, ते फोनमध्ये दिसत नव्हतं.

दिवाळीला लेक अडीच दिवस आली. आईला बघून दारातच थांबली. "एवढी वाळलीस?" बायको म्हणाली, "नऊ दिनना उपास, दुसरं काय." नवरात्राचे उपास ती दरवर्षी करते हे लेकीला माहीत होतं, म्हणून तिनं मानलं. फराळ अक्कानं धुळ्याहून पाठवला होता, तो आम्ही घरचा म्हणून वाढला. अडीच दिवस बायको बसूनच होती आणि लेक लॅपटॉपमध्ये मान घालून होती. तिला तेव्हा पहिल्यांदा स्वतःची बोट मिळाली होती. आजवर ती दुसऱ्यांच्या हाताखाली करायची, ही तिच्या एकटीच्या नावावर. जाताना आईला म्हणाली, "हे एवढं मार्गी लागलं की आठ दिवस येते, तुझ्याजवळ बसते."

मार्गशीर्षात दुखणं हाताबाहेर गेलं. धुळ्याला नेण्यासारखी ती राहिली नाही. जळगावातच दवाखान्यात घातलं आणि त्या दिवशी मी लेकीला फोन केला. म्हटलं, अचानक झालं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. बायकोनं तिचा हात ओळखला, बोलली काही नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. लेक म्हणाली, सव्वा महिना मी इथेच थांबते, काम इथून करते, कचेरीनं परवानगी दिलीय. मधल्या खोलीत तिनं टेबल मांडलं. वर आईचा फोटो, खाली लॅपटॉप. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. बरं का, ते सांगायला नको. भीती अशी की घरात आता आम्ही दोघंच, आणि मधे एक गोष्ट बसलेली. ती हिला कळली तर ही पण जाणार. जिवंत असून जाणार.

दिवसभर मला काही काम नव्हतं. मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसायचो. आधी तिला अडचण वाटली, मग तीच सांगायला लागली. बोट म्हणजे फिरता दवाखाना होता. सातपुड्याच्या बाजूला धरणाच्या फुगवट्याचं पाणी आहे, त्याच्या काठी पाडे आहेत, त्यांना रस्ता नाही. बोटीतच डॉक्टर, नर्स, चार खाटा. काठाला लागायची, आजारी माणूस आत घ्यायचा, तिथेच बघायचं, नाहीतर घेऊन निघायचं.

मला वाटलं होतं कॉम्प्युटरवर ती चित्र काढते. तसं नव्हतं. आम्ही शेडमध्ये आराखडा म्हणायचो तो नुसत्या रेघांचा. रेघेला ती कशाची रेघ आहे ते माहीत नसतं. हिच्याकडे रेघ नाही, वस्तू. ती त्याला फीचर म्हणते. भिंत म्हटलं की कॉम्प्युटरला ठाऊक असतं की ही भिंत आहे, या तळावर उभी आहे, या छताला टेकली आहे. दार म्हटलं की त्याला ठाऊक असतं की ते कोणत्या भिंतीत आहे. तिनं माझ्यासमोर छत थोडं वर उचललं. सगळ्या भिंती आपोआप उंच झाल्या, जिना एक पायरी वाढला, आणि कोपऱ्यातल्या आकड्यात वजन वाढलं. बोट पाण्यात किती बुडेल तेही तिथेच बदललं.

"आमच्याकडे मालकानं असं छत उचललं असतं तर आठ दिवसांचा पत्रा भंगारात गेला असता," मी म्हटलं.

"म्हणूनच नाना, हे आता करायचं. आता काहीच कापलेलं नाही. आता बोट लांब करा, रुंद करा, खाटा इकडच्या तिकडे करा, एका दुपारीत पाच बोटी बघून होतात. महिनाअखेरीला माझी बैठक आहे. तिथे एक ठरली की मग खरी आखणी, मग पत्रा. मग कोणी म्हणालं की दार चुकलं, तर रडायचं."

स्क्रीनच्या डाव्या बाजूला एक यादी असायची, एकाखाली एक, फांद्या फुटल्यासारखी. वर तळ, त्याच्याखाली त्याच्यावर उभ्या भिंती, त्यांच्याखाली त्यांच्यातली दारं, खिडक्या. तिनं एकदा चुकून मधली एक भिंत पुसली. तिच्यावर टेकलेलं सगळं लाल झालं. दार लाल, औषधाचं कपाट लाल, पाण्याची टाकी लाल. तिनं वर बघितलं. फोटो वरच होता. मग तिनं भिंत परत आणली आणि म्हणाली, "चहा टाका नाना."

टाकीवरून आमची बरीच बोलणी झाली. मी म्हटलं, टाकी मोठी आहे, आत आडवे पत्रे घाल, भोकं पाडून, नाहीतर अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर टँकर आडवा करतं. ती म्हणाली, "माहीतय, त्याचा हिशेब हा करतो." आणि तिनं दाखवलं. टाकी अर्धी भरलेली धरली की बोट किती कलेल ते त्यानं सांगितलं.

"ही तुमची टँकरची टाकी नाही नाना."

"पाणी भरलं की सगळी टाकीच असते बेटा. हा तुझा गडी फक्त माझ्याआधी बोलला एवढंच."

ती हसली. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. दुपारी मी वांगी भाजून भरीत केलं, तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या, जाड झाल्या, आईसारख्या नाही झाल्या. आम्ही दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही, खाल्लं. मला वाटलं, चाललंय. असंच चालू दे. सव्वा महिना निघून जाईल आणि ती गोष्ट माझ्याबरोबर मसणात जाईल.

बोट बनवून घेणाऱ्या पाणीवाल्या खात्याच्या साहेबांशी ती फोनवर बोलायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. एकदा कडक बोलत होती. त्यांनी कुठल्याशा उथळ पाण्याचं आधी सांगितलं नव्हतं, म्हणे खात्री नव्हती. "सर, खात्री नसली तरी सांगत जा. कच्चं असलं तरी सांगा. खोटं निघालं तर मी बदलीन, त्याला काही लागत नाही. पत्रा कापून झाल्यावर, उन्हाळ्यात सांगितलं तर मी काय करू?" फोन ठेवून माझ्याकडे वळली. "लोकांना वाटतं पोरीला आत्ताच कशाला त्रास. नंतर सांगू."

तेव्हाच मला बोलता आलं असतं. वाक्य तोंडात आलं होतं. मी उठलो आणि अंगणातले कपडे काढून आणले. कपडे ओले होते.

बैठकीला चार दिवस राहिले होते. ती खुशीत होती. चार खाटा बसल्या, वजन बसलं, बोट उथळ पाण्यात टेकत नव्हती. मला बोलावलं. "या नाना, तुम्ही पेशंट. मी तुम्हाला काठावरून खाटेपर्यंत नेते." तिनं एक लांबट खोका काढला होता, स्ट्रेचरच्या मापाचा, लांबी रुंदी बरोबर. तो खोका दारातून आत गेला, अरुंद बोळातून पुढे गेला, उजवीकडे वळला, खाटेशी थांबला. कुठेच लाल नाही झालं.

मी म्हटलं, "अडकेल."

"नाही अडकत. बघा ना, चार बोटं जागा राहते."

"खोका जातो. स्ट्रेचर नाही जाणार. स्ट्रेचरला धरणारे दोघं असतात. पुढचा वळला की त्याचं ढुंगण भिंतीला लागतं, मागच्याचा हात चौकटीला. मग ते डोक्याकडून उचलतात. पेशंट पायाकडे सरकतो, पोटावर ताण येतो. वळण हातभर मोठं कर. पहिल्यांदा धुळ्याला अडकलं तेव्हा ती इतकी ओरडली की..."

मी थांबलो. पण उशिरा थांबलो.

लेक स्क्रीनकडे बघत होती. वळली नाही. "पहिल्यांदा म्हणजे?"

मी खुर्ची मागे सरकवली.

"नाना. आई स्ट्रेचरवर एकदाच होती. इथे. जळगावात. तुम्हीच सांगितलंत. धुळ्याला कधी?"

"भादव्यात," मी म्हटलं.

"भादव्यात?"

"भादव्यात एकदा. दसऱ्यानंतर एकदा. दिवाळी झाल्यावर एकदा. तपासणीची खोली वरच्या मजल्यावर होती, लिफ्ट बंद होती."

"आणि कळलं कधी?"

"श्रावणात."

तिनं लॅपटॉप मिटला नाही. आदळआपट केली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. हळू आवाजात म्हणाली, "पापड." एवढंच. मग उठून मोरीत गेली, नळ सोडला, बराच वेळ सोडून ठेवला.

बाहेर आल्यावर म्हणाली, "सांगा. पहिल्या दिवसापासून सांगा. मधलं काही गाळू नका."

मी सांगितलं. श्रावणातली एस.टी., बाकावरचं बोलणं, डॉक्टर काय म्हणाला, कोणत्या महिन्यात जेवण तुटलं, कधी रक्ताची उलटी झाली. ती मधे मधे विचारायची, त्या दिवशी मी फोन केला होता का? मी म्हणायचो, केला होता. आई काय म्हणाली होती? मी म्हणायचो, बरी शे म्हणाली होती. असं संध्याकाळपर्यंत चाललं. दिवा लावायचं दोघांनाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुळ्याला गेली. मला चला म्हणाली नाही. दुपारी अक्काचा फोन आला. "भाऊ, पोर फाइल मांगी राहिनी. देऊ का?"

"दे," मी म्हटलं.

"ती माले एक शब्द बोलनी नही. चहा बी नही लिधा."

चार वाजता ती परत आली. रिपोर्टांची फाइल अक्कानं कपाटात साड्यांखाली लपवून ठेवली होती, तिच्यावर डांबराच्या गोळ्यांचा वास होता. लेकीनं टेबलावर एक एक कागद लावला, तारखेप्रमाणे. मला इंग्रजी येत नाही. मी तिच्या तोंडाकडे बघून वाचत होतो. पहिल्या कागदावर ती खूप वेळ थांबली.

"यात लिहिलंय की ऑपरेशन होणार नाही," ती म्हणाली.

"तेच सांगितलं डॉक्टरनं. तू आली असतीस तरी..."

"मी वाचवलं नसतं, कळतंय मला. मी बसले असते. चार महिने बसले असते नाना. तेवढंच."

"ती म्हणायची तू बोट सोडशील."

"सोडली असती. नाहीतर इथे बसून केली असती, आत्ता करतेय तशी. आई त्या खाटेवर, मी या टेबलावर. तिला दाखवली असती. काय करायचं ते मी ठरवलं असतं. तुम्ही दोघांनी माझ्या वाटचं ठरवून टाकलं आणि मला पापड दाखवले."

मी म्हटलं, "चूक माझी आहे. फोन माझ्याकडे होता."

"हो," ती म्हणाली. "तुमची आहे."

मला त्या शब्दाचा राग आला नाही. इतके दिवस गल्लीतले, नात्यातले सगळे म्हणत होते, तुम्ही फार केलंत हो तिचं. खरं कोणी बोलतच नव्हतं.

तीन दिवस ती कामाला बसली ती उठलीच नाही. वळण तिनं हातभर वाढवलं. मग मी बघितलं ते असं: वळण वाढलं तशी भिंत सरकली, भिंत सरकली तशी चौथी खाट बाहेर पडली. खाट ठेवायची तर बोट रुंद करावी लागत होती, रुंद केली की वजन वाढत होतं, आणि उथळ पाण्यात तळ टेकत होता. तिनं टाकी लहान केली, कपाट हलवलं, जिना पलीकडे नेला. परत लाल. परत बदल. मी मागे बसायचो, पण आता खुर्ची दाराजवळ. ती सांगत नव्हती, मी विचारत नव्हतो. शेवटी तिनं खाटा तीनच ठेवल्या. बैठक लॅपटॉपवरच झाली, तिथे साहेबांनी विचारलं, चारच्या तीन का केल्या? ती म्हणाली, चौथ्या खाटेपर्यंत माणूस पोचतच नव्हता. त्यांनी विचारलं, कॉम्प्युटर तर आधी बसतंय म्हणत होता? ती म्हणाली, मी त्याला स्ट्रेचर धरणारी माणसं सांगितली नव्हती, चूक माझी. बोट ठरली. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, ते मी दारातून ऐकलं.

सव्वा महिना व्हायला नऊ दिवस होते. ती बैठकीच्या दुसऱ्या दिवशी निघाली. मी म्हटलं, नऊ दिवस थांब. ती म्हणाली, "आईसाठी थांबले होते. आता इथे बसलं की नुसत्या तारखा मोजते. श्रावणातल्या या दिवशी मी काय करत होते, भादव्यात काय करत होते. मला नाही होत." माझ्या पाया पडली. आईच्या फोटोच्या पाया पडली. फाइल बरोबर घेऊन गेली. मी स्टँडवर गेलो होतो, बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा होतो. तिनं मान हलवली, हात हलवला नाही.

सव्वा महिन्याचा नैवेद्य मी आणि अक्कानं केला. अक्का रडत होती, म्हणत होती, आपण तिच्या भल्यासाठीच केलं ना भाऊ? मी म्हटलं, "आपण आपल्याला सोपं जावं म्हणून केलं अक्का. पोरीला रडताना बघायचं नव्हतं आपल्याला." अक्काला ते लागलं. लागू दे. मलाही लागलंय.

दीड महिना फोन नव्हता. म्हणजे मी करायचो, ती उचलायची, बरी आहे म्हणायची, ठेवायची. बरी आहे हे शब्द तिच्या तोंडून ऐकले की मी फोटोकडे बघायचो. तिच्या आईचे शब्द, तसेच.

मागच्या महिन्यात सकाळी अंघोळ करून उठताना माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. मोरीची भिंत धरली म्हणून पडलो नाही. आधीचा मी असतो तर साखर तोंडात टाकून ओट्यावर बसलो असतो आणि कोणाला बोललो नसतो. ओल्या अंगानं खोलीत आलो आणि तिला फोन लावला.

"चक्कर आली," मी म्हटलं.

"कधी?"

"आत्ता. अंग पुसायचंय अजून."

"याआधी आली होती?"

"नाही."

"नाना, याआधी आली होती का?"

"नाही बेटा. पहिलीच."

तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही, पण विचारणार होती ते मला कळलं. दुपारी तिला सांगून इथल्याच डॉक्टरकडे गेलो. गल्लीतनं, सगळ्यांसमोर. रक्तदाब निघाला, गोळी दिली. निघताना डॉक्टर म्हणाला, "तुम्ही बाहेर गोळ्या घेत होता तेवढ्यात तुमच्या मुलीचा फोन येऊन गेला. तुम्ही खरं काय ते सांगाल की नाही, म्हणत होती. मी सगळं सांगितलं तिला." मी म्हटलं, बरं केलं.

आता रोज सकाळी आठला तिचा व्हिडिओ कॉल येतो. गोळी घेतली का? घेतली. दाखवा. मी गोळ्यांचं पाकीट मोबाइलसमोर धरतो, फोडलेली जागा तिच्याकडे करून. ती म्हणते, जवळ आणा. मी जवळ आणतो. तिच्या बाजूचा कॅमेरा बंद असतो, मला फक्त माझाच हात दिसतो. मग ती म्हणते, ठीक आहे, आणि मी म्हणतो, तू काही खाल्लंस का, आणि ती म्हणते, हो. मी दुसऱ्यांदा विचारत नाही. तिला दुसऱ्यांदा विचारायचा हक्क मी गमावला आहे.